आकड्याच्या संगिनीची मोहीम व किल्ल्यांचा तह

मातोश्रींची आज्ञा जाहाली की, तीर्थरूपांनी संगिनी जमविल्या, त्यांपैकी आकड्याच्या संगिनीवरून कोणती मसलत पडली, कोण कोणावर चालून आले आणि शेवटी कोणाचे काय राहिले, ते सर्व साद्यंत लिहून ठेवावे, नाहीतर मामासाहेब चार माणसांत आपलेच शौर्य सांगत फिरतील. आज्ञा शिरसावंद्य मानून कन्येने जे पाहिले ते पाहिल्याप्रमाणे, जे ऐकिले ते ऐकिल्याप्रमाणे, आणि जे कोणी सांगत नव्हते ते चिकाटीने चौकशी करून येथे लिहिले आहे. थोर राजांच्या बखरी पुष्कळ आहेत. त्यांत माणसे हजारांनी पडतात आणि पडलेल्या एकाच्याही घरी त्या दिवशी काय शिजले होते हे कळत नाही. या बखरीत माणूस एकच पडले, तेही अंथरुणावर. परंतु घरातली हकीकत पुरी आहे.

तीर्थरूप चष्मे करीत. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचे दुकान, दुकानात लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, भिंगे घासण्याचे यंत्र आणि गिऱ्हाइकास आपलेच नाक नव्याने पाहावयास लावणारे तीन आरसे, ऐसा सरंजाम होता. स्वभाव अत्यंत भिडस्त आणि भित्रा. पाल दिसली तर खुर्चीवर चढत, सुई टोचून घेण्याचा प्रसंग आला तर सुई दिसण्यापूर्वीच दवाखान्याच्या बाकावर आडवे होत, आणि भाजी चिरताना बोट कापले तर स्वतः तोंड फिरवून, किती कापले ते मातोश्रींस पाहावयास सांगत. ऐशा पुरुषास संगिनींचा छंद लागला. संगीन म्हणजे बंदुकीच्या नळीपुढे बसवावयाचे लांब पाते, गोळ्या संपल्या की समोरच्याच्या पोटात खुपसावयाचे. त्यातही तीर्थरूपांस ब्रिटिश फौजेच्याच जुन्या संगिनी लागत, इतर फौजांच्या पोटात खुपसून घेण्यास देखील चालत नसत. जी पाती एके काळी आपल्याच पणजोबांच्या दिशेने रोखलेली होती, त्यांस पणतूने सुटीच्या दिवशी मांडीवर घ्यावे, मऊ फडक्याने तेल लावावे आणि मुकुटाचा ठसा भिंगातून न्याहाळून "वा!" म्हणावे, ही त्या साम्राज्याची सर्वांत स्वस्तात मिळालेली फत्ते होय. ती कोणी नोंदविली नाही म्हणून येथे नोंदविली.

घरात खोल्या तीन. पैकी मधली खोली संगिनींनी काबीज केली. प्रथम एक भिंत गेली, मग समोरची गेली, मग कपाट गेले, आणि मातोश्रींचे शिवणयंत्र हटत हटत न्हाणीघराच्या दारापाशी बोळात येऊन ठेपले. मातोश्री शेजारपाजारच्या उशांचे अभ्रे आणि मुलींचे फ्रॉक शिवीत. आता जो कोणी आंघोळीस जाई त्यास हातात टॉवेल घेऊन यंत्राचे पायडल ओलांडून जावे लागे, आणि मातोश्री दर वेळी सुई थांबवून म्हणत, "जा. लढाया जिंकून या."

जेवताना तीर्थरूप व्याख्यान देत. कोणत्या संगिनीची मूठ अक्रोडाच्या लाकडाची, कोणत्या पात्यावर कोणत्या पलटणीचा ठसा, म्यान मूळचे की मागून जोडलेले, ही सर्व चर्चा ताटावरच होई, आणि मातोश्री वाढता वाढता "हं" म्हणत. हे "हं" छताच्या पंख्याप्रमाणे अखंड चाले आणि बोलण्याशी त्याचा फारसा संबंध नसे. वाचणाराने हे "हं" ध्यानात ठेवावे. पुढील सर्व अनर्थ येथूनच उद्भवला.

आता शत्रुपक्षाचे वर्णन. मेजर म्हणून एक गृहस्थ होते. फौजेत ते कधीही नव्हते, वीज कंपनीच्या गोदामावर तारांची भेंडोळी मोजून निवृत्त जाहाले; परंतु मिशा काळ्याभोर आणि बूट चकचकीत, आणि दूधवाल्यापासून डॉक्टरापर्यंत सर्वांस "काय जवान!" म्हणण्याची सवय, त्यावरून ही पदवी लोकांनी दिली आणि त्यांनी ती मनःपूर्वक स्वीकारली. त्यांच्याही घरी संगिनी होत्या आणि त्यांच्याही घरी एक पत्नी बोळात बसत असे. शहरात संग्राहकांचे एक मंडळ होते. कोणी नाणी जमवी, कोणी काडेपेट्या, कोणी कुलपे. वर्षातून एकदा एका सभागृहात हिरवी कापडे घातलेल्या टेबलांवर सर्वांनी आपापली दौलत मांडावी, माइकवर दोन शब्द बोलावे आणि दुसऱ्याची दौलत नकली आहे हे हळू आवाजात तिसऱ्यास सांगावे, ऐसा तेथील रिवाज. त्या दरबारात मेजर सरसेनापती, आणि तीर्थरूप दाराजवळच्या टेबलावर.

दोघांच्याही नजरेत एकच चीज होती, ती आकड्याची संगीन. तिची हकीकत तीर्थरूपांनी ताटावर इतक्या वेळा सांगितली होती की घरातल्या पोळीच्या डब्यासही ती पाठ असावी.

"सन एकोणीसशे सातचा नमुना," तीर्थरूप सांगत, "त्याला मूठ आणि पातं यांच्यामध्ये जी आडवी पट्टी असते ना, तिचं एक टोक हुकासारखं वळवलेलं होतं. शत्रूचं पातं त्यात अडकवून पिरगाळायचं, अशी कल्पना. प्रत्यक्षात कुणाचं काही अडकेना. मग सहा वर्षांनी फौजेनं हुकूम काढला, की हुकाचा उपयोग नाही, नव्या संगिनींना हूक करू नका. आणि होते तेही पुष्कळ कापून टाकले."

"हं," मातोश्री म्हणत, आणि भाताकडे वळत.

"म्हणूनच ज्या एखादीवर हूक राहिला असेल, ती सोन्याहून मोलाची," तीर्थरूप पुढे म्हणत. परंतु तोवर मातोश्री स्वयंपाकघरात गेलेल्या असत. ऐशा रीतीने वर्षानुवर्षे मातोश्रींच्या कानी या इतिहासाचा पूर्वार्धच पडत गेला.

मग एके दिवशी वार्ता आली. एक भंगारवाला चष्म्याची काडी बदलून घेण्यास दुकानी आला आणि काडी बसेपर्यंत बोलता बोलता बोलला की, लोहारगल्लीच्या मागे एका आजीबाईंच्या घरी तलवारीसारखे काहीतरी आहे आणि त्यास पुढे आकडा आहे. तीर्थरूपांच्या हातून पेचकस गळाला. तत्काळ दुकान बंद करून मामासाहेबांस पाचारण केले. मामासाहेब म्हणजे मातोश्रींचे बंधू, स्कूटरचे मालक, आणि प्रत्येक मोहिमेत सेनापतिपद आपणांकडेच आहे ऐसे समजणारे. त्यांनी खलबतात सल्ला दिला की, "भाऊजी, सोपं आहे. म्हणायचं, आजी, गंजलेलं लोखंड आहे, धनुर्वात होईल, आम्ही नेऊन टाकतो."

तीर्थरूप बोलले, "खोटं नको. आणि खोटं बोलताना मला घाम येतो, हे तुला माहीत आहे."

मग दोघांनी कूच केले. चौकात सिग्नलचा वेढा पडला, पुढे खोदलेल्या रस्त्याने वाट अडविली, आणि लोहारगल्लीच्या तोंडाशी स्कूटरने अन्नपाण्यावाचून मान टाकली. तेथून स्वारी पायउतार होऊन, सेनापती स्कूटर ढकलीत आणि राजे मागून हात लावीत, ऐशा थाटाने मुक्कामी पोहोचली, तो दाराशी चकचकीत बुटांचा जोड. भंगारवाल्याने तीच वार्ता मेजरांसही दिली होती. दोन्ही पक्षांकडून चहा घेणारा जासूद, त्यास काय बोल लावावा?

आजीबाईंची एकच खोली. दारामागे भिंतीच्या दोन विटांच्या फटीत ती संगीन मुठीपर्यंत खुपसलेली, आणि बाहेर राहिलेल्या आकड्यावर एक कापडी पिशवी लटकलेली. शत्रूचे पाते अडकविण्यासाठी जो आकडा जन्मला आणि कोणाचेही काही अडकवू न शकल्यामुळे ज्याच्या जातभाईंस फौजेने कापून टाकले, तो येथे बसून चोख अडकवीत होता.

मेजर छाती काढून इतिहास सांगत होते. आजीबाई ताट नाकाशी धरून तांदूळ निवडीत होत्या. इतिहास संपल्यावर त्या बोलल्या, "ते सगळं खरं असेल बाबा. पण मग मी पिशवी कुठे अडकवू?"

मेजरांनी रक्कम सांगितली.

"पैसे मी पिशवीतच ठेवते. पिशवी कुठे अडकवू?"

मेजरांनी रक्कम दुप्पट केली. आजीबाई म्हणाल्या, "मग तर पिशवी जडच होईल की रे." मेजर मिशा पुसू लागले. तीर्थरूप एवढा वेळ दारात उभे. इतिहास त्यांसही येत होता, परंतु त्यांचे लक्ष ताटाकडे होते. त्यांनी भीत भीत विचारले, "आजी, खडे दिसत नाहीत का?"

"दिसतात. दाताखाली आले की दिसतात."

दुसरे दिवशी तीर्थरूप आले ते पितळेचा एक आकडा, स्क्रू आणि आपल्या हाताने केलेला चष्मा घेऊन. आकडा भिंतीत बसविताना हातोडा अंगठ्यावर बसला आणि राजे आजीबाईंच्या खाटेवर काही काळ आडवे जाहाले, मामासाहेबांनी पाणी मारिले, हे कलम मामासाहेब मोठ्या आवडीने सांगतात म्हणून वगळता येत नाही. मग आजीबाईंनी पिशवी पितळी आकड्यावर लटकवून पाहिली, चष्मा चढविला, ताटातला एक खडा उचलून बाहेर फेकला, आणि तेवढ्यात नवा भाव घेऊन दारात येऊन ठाकलेल्या मेजरांकडे निरखून म्हणाल्या, "तुझ्या मिशा रंगवलेल्या आहेत का रे?"

मेजरांनी माघार घेतली. संगीन तीर्थरूपांच्या हाती आली. इतकी मोठी फत्ते होऊन रक्त म्हणावे तर अंगठ्याचेच सांडले.

वार्षिक मेळावा जवळ आला. मेजरांनी मंडळात बोभाटा केला होता की, चष्मेवाल्यास आजीबाईंकडून काही मिळालेले नाही, आणि असेल तर आणून दाखवावे. तीर्थरूप आयुष्यात प्रथमच बोलले, "दाखवतो." दाराजवळचे टेबल बदलून मधले मिळाले. नवा शर्ट इस्त्रीस गेला. संगीन मऊ फडक्यात गुंडाळून मधल्या खोलीत ठेविली.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी तीर्थरूप दुकानी गेले असता मातोश्री त्या खोलीत केर काढण्यास गेल्या. फडके सुटले होते. आकड्याने प्रथम केरसुणी धरली, मग पडदा फाडला, मग मातोश्रींचा पदर धरला तो सोडीना. मातोश्रींनी पदर सोडवून घेतला आणि प्रथमच ती संगीन नीट पाहिली, आणि भिंतीवरच्या इतर पाहिल्या. इतर सर्व सरळ, हीच एक वाकड्या शिंगाची. मग त्यांस ताटावरचा इतिहास आठवला. फौजेने हुकूम काढला होता की आकडा कापावा. याअर्थी या एका संगिनीपुरता तो हुकूम बजावावयाचा राहून गेला, आणि आपल्या साध्या माणसाच्या गळ्यात कोणीतरी हे अर्धवट काम बांधिले. उद्या भर सभेत चार लोक हसतील. मेजर तर हसेलच.

मातोश्रींनी एक क्षणही दवडिला नाही. रस्त्यापलीकडे खिडक्यांच्या जाळ्या करणारा वेल्डर होता, त्यास संगिनीसह फर्मान गेले की, "हे शिंग काढ, आणि असं घास की कधी होतं म्हणून कळता कामा नये." ब्रिटिश फौजेस जे उमगण्यास सहा वर्षे लागली, त्याचा निकाल मातोश्रींनी दुपारच्या चहापूर्वी लाविला. वेल्डर बोलला, "ताई, तुकडा टाकू नका, लोखंड चांगलं आहे." मातोश्रींस वस्तू वाया गेलेली सोसत नाही. त्यांनी तो तुकडा एका पट्टीवर जोडून घेतला आणि घराच्या दारामागे भिंतीवर ठोकून घेतला, कारण तीर्थरूप दुकानाच्या किल्ल्या रोज सकाळी हरवीत आणि सारे घर पालथे घालीत.

संध्याकाळी तीर्थरूप आले आणि फडके सोडिले. मातोश्री पदराला हात पुशीत दारात उभ्या होत्या. कन्या बोळात शिवणयंत्रावर वही ठेवून अभ्यास करीत होती, तीस दोघेही दिसत होते.

"कसं झालंय?" मातोश्रींनी विचारिले.

तीर्थरूपांनी खिशातून भिंग काढिले आणि जेथे आकडा होता ती जागा पाहिली. फार वेळ पाहिली. मग भिंग पुसून परत खिशात ठेविले.

"हात चांगला आहे," ते बोलले. "कुणी केलं?"

"समोरच्या जाळीवाल्यानं. तुमचं ते फौजेचं काम राहून गेलं होतं ना? म्हटलं, उद्या चार लोकांत नको. आणि तुकडा वाया नाही घालवला हो. या, दाखवते. आता तरी किल्ल्या सापडतील."

तीर्थरूप "हं" म्हणाले. मग दारापाशी जाऊन त्यांनी खिशातल्या किल्ल्या काढिल्या आणि त्या आकड्यावर अडकविल्या.

दुसरे दिवशी मेळाव्यात मधल्या टेबलाचे हिरवे कापड रिकामेच राहिले. तीर्थरूप नवा शर्ट घालून त्यामागे बसले. मंडळींनी विचारिले तर म्हणत, "नाही आणली." का नाही, तर "नाही आणली." मेजरांनी माइक हाती घेऊन जाहीर केले की, "चष्मेवाल्यांच्या संगिनीला हूक आहे, मित्रहो! फक्त तो त्यांच्याच दुकानातल्या चष्म्यातून दिसतो!" सभा खदखदून हसली. मामासाहेब बाह्या सरसावून उठले, त्यांस तीर्थरूपांनी शर्ट ओढून खाली बसविले, आणि खुद्द मामासाहेबांसही वाटले की भाऊजींनी ती गुपचूप विकली. घरी मातोश्रींनी विचारले, "काय म्हणाले लोक?"

"कुणी नावं ठेवली नाहीत," तीर्थरूप बोलले, आणि त्यांस घाम आला, तो मातोश्रींनी उकाड्याचा समजून पंखा वाढविला.

तेव्हापासून मंडळात तीर्थरूपांचे नाव "चष्म्यातला हूक" पडले. कोणी थाप मारिली की लोक म्हणत, याला चष्म्यातला हूक दिसला. तीर्थरूप दर मेळाव्यास जात आणि दाराजवळच्या टेबलावर बसत. ताटावरचे व्याख्यानही चालूच राहिले, परंतु एकोणीसशे सातच्या नमुन्यापाशी आले की ते भात मागत. रोज संध्याकाळी घरात पाऊल टाकिले की प्रथम किल्ल्या त्या आकड्यावर अडकवीत. त्यानंतर किल्ल्या कधी हरवल्या नाहीत.

मग तीर्थरूप वारले. बखरकार ऐशा ठिकाणी सूर्य झाकोळला, नद्या उलट्या वाहिल्या, ऐसे लिहितात. तैसे काही जाहाले नाही. पंखा चालू होता.

भेटीस येणारांची रीघ लागली. सर्वांनी एकच गोष्ट सांगितली की माणूस फार साधा होता, आणि सांगताना मधल्या खोलीच्या दारातून आत डोकावून भिंतीवरच्या मालाचा अदमास घेतला. मेजर आले ते सुतकी चेहरा, चकचकीत बूट आणि खिशात मोजण्याची टेप ऐशा तयारीने. मामासाहेब तेथेच होते. मातोश्री जमिनीवर बसल्या होत्या.

"वहिनी," मेजर बोलले, "माणूस गेला, पण त्याची दौलत वाऱ्यावर जाता कामा नये. सगळं मी घेतो. योग्य भावानं. हा एका सैनिकाचा शब्द आहे." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि ती... हुकाची. त्या आजीबाईंनी ती खरंच यांना दिली होती का? आता तरी सांगा. आम्ही सगळे तर थापच समजत होतो."

मातोश्रींचा चेहरा फिरला. "थाप? ते कधी थाप मारायचे नाहीत. थांबा." आणि त्यांनी आतून फडक्यातली संगीन आणून मेजरांच्या हाती ठेविली. "ही बघा. मीच साफ करून घेतली होती, मेळाव्याच्या आदल्या दिवशी. हूक कसा सफाईनं काढलाय, कळतसुद्धा नाही."

मेजरांनी संगीन उजेडात धरिली, अंगठा फिरविला, आणि मिशांसकट खाली बसले. "वहिनी! अहो, काय केलंत हे! हूक होता म्हणून ती सोनं होती. हूक काढलेल्या गल्लोगल्ली मिळतात. आता हे... हे लोखंड झालं!"

मामासाहेब छताकडे पाहू लागले. मातोश्रींनी विचारिले, "हे यांना माहीत होतं?"

"माहीत? एका ठशावरून वर्ष सांगणारा माणूस! त्याला माहीत नसणार तर कुणाला?"

"आणि तुमच्या सभेत त्या दिवशी काय झालं?"

मेजर चुळबुळ करू लागले. तेव्हा मामासाहेबांनी सर्व सांगितले, रिकामे टेबल, माइक, ते टोपणनाव, आणि शर्ट ओढला तोही. मातोश्रींनी ऐकून घेतले. रडल्या नाहीत. संगीन मांडीवर घेऊन फडक्यात गुंडाळू लागल्या, आणि गुंडाळून झाल्यावर पुन्हा सोडून गुंडाळू लागल्या.

मेजर निघण्यास उठले, दाराशी बूट घालण्यास वाकले, आणि वर पाहतात तो दारामागे किल्ल्या. किल्ल्यांमागे आकडा. बखरीत वीरांस देवीने दृष्टांत दिला ऐसे लिहितात, तैसा प्रकार जाहाला. एका पायात बूट ऐसे ते भिंतीस जाऊन भिडले. "वहिनी! हाच तो! अहो, मूळचा तुकडा आहे! माझा एक कारागीर आहे, असा जोडून देईल की बापजन्मात कुणाला कळणार नाही. मग ती अस्सलच की! मी सगळा संग्रह घेतो, भाव तुम्ही सांगा, पण हा हूक त्यात पाहिजे."

मामासाहेब बोलले, "ताई, देऊन टाक. तुझी खोलीही मोकळी होईल."

मातोश्री उठून दारापाशी आल्या. आकड्याकडे पाहिले. तीर्थरूपांच्या शेवटच्या आजारापासून किल्ल्या तेथेच होत्या.

"आणि किल्ल्या कुठे अडकवू?" मातोश्री म्हणाल्या.

मेजर हसले. मग ध्यानी आले की हसण्यासारखे काही नाही. "खिळा ठोकून देतो, वहिनी. आत्ता." आणि तो निवृत्त गोदामपाल बुटाच्या नाड्या न बांधता कोपऱ्यावरच्या दुकानी धावत गेला, तेथून खिळे आणिले, पितळी आकडे आणिले, चिकटणारे प्लास्टिकचे आणिले, एक लाकडी खुंटाळेही आणिले, आणि हा सर्व नजराणा उंबऱ्यावर मांडिला. मातोश्रींनी एकेक उचलून पाहिला आणि एकेक खाली ठेविला.

"हा छान आहे. हाही छान आहे. नको."

"पण का, वहिनी?"

"किल्ल्या इथंच अडकतात."

एका आजीबाईंनी पितळी आकड्यावर तह केला होता. मातोश्री तहास येईनात. मेजरांनी भाव चढविला, मग ऐतिहासिक वारशाचा प्रश्न काढिला, मग स्वर्गस्थ आत्म्यास काय वाटेल ऐसा प्रश्न केला. त्यावर मातोश्री इतक्या शांतपणे बोलल्या की मामासाहेब दोन पावले मागे सरले: "त्यांना काय वाटलं ते ते रोज संध्याकाळी याच्यावर अडकवून ठेवायचे. तुम्ही नका सांगू."

मग मातोश्रींनी आपणच तहाची कलमे बोलून दाखविली. भिंतीवरील व कपाटातील सर्व संगिनी मेजरांनी योग्य भावाने न्याव्या, आजच, म्हणजे खोली धुता येईल. कापलेली संगीन आणि आकडा घरीच राहील. आणि येत्या मेळाव्यात मेजरांनी त्याच माइकवर सांगावे की चष्मेवाल्याकडे आकड्याची संगीन होती आणि आकडा आपण डोळ्यांनी पाहिला. हे कबूल नसेल तर एकही पाते खिळ्यावरून हलणार नाही. मेजरांनी मधल्या खोलीकडे पाहिले, मिशीवर हात फिरविला, आणि कबूल केले. कोणाचीही संगीन पोटाला न लागता माणूस ऐसा वाकलेला या खोलीने प्रथमच पाहिला.

मेळाव्यास मातोश्री पहिल्या रांगेत बसल्या. मेजर माइकपाशी उभे राहिले, घसा साफ केला, फार वेळ साफ केला, आणि बोलले, "एक खुलासा करायचा आहे. चष्मेवाल्यांकडे हुकाची संगीन होती. मी हूक स्वतः पाहिला. आमचीच... माझीच चूक झाली."

काडेपेट्या जमविणारे एक गृहस्थ मागून ओरडले, "मग आता तो हूक कुठे आहे?"

मेजरांनी मातोश्रींकडे पाहिले. मातोश्री खुर्चीवरूनच बोलल्या, "वापरात आहे."

येणेप्रमाणे मोहीम तडीस गेली. मधली खोली धुऊन शिवणयंत्राची तेथे स्थापना जाहाली, खिडकीच्या उजेडात. आंघोळीची वाट खुली जाहाली. कापलेली संगीन यंत्राच्या खणात आहे. अभ्रा शिवून उलटा केला की त्याचे कोपरे मातोश्री तिच्या टोकाने बाहेर काढतात, आणि हा उपयोग कोणत्याही फौजेस सुचला नव्हता. "चष्म्यातला हूक" हे नाव मंडळातून उठले. मिशांविषयी मात्र काही नवीन नाव चालू आहे, ते येथे लिहिण्याचे कारण नाही. आकडा दारामागे जागेवर आहे. त्यावर दुकानाच्या किल्ल्या आहेत. दुकान आता दुसऱ्याचे आहे, त्याने कुलूपही नवे घातले आहे. मातोश्री बाहेरून आल्या की त्या किल्ल्यांस एकदा हात लावितात, आहेत ना एवढे पाहतात, आणि मग दिवा लावितात. किल्ल्या जागेवर आहेत. फत्ते जाहाली, ती नोंदविली.